रुतलेली गाडी, वायररोप आणि बडोद्याची ईएमई

पावसाळ्यात बडोद्याजवळच्या पावागढ-जांबुघोड्याकडच्या वाटांवर लिलावात घेतलेली एखादी जुनी लष्करी जीपगाडी, जोंगा किंवा जिप्सी, हमखास दिसते. ओढा फुगला की ती रुततेही. मग दोर, शॅकल (दोर अडकवायची लोखंडी कडी), विंच (दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) आणि प्रत्येकाचा वेगळा सल्ला! या खटाटोपामागचं शास्त्र लष्कराचं आहे, आणि ते त्यांना फार महागात पडलं होतं.

१९१७ साली बेल्जियममध्ये ईप्रच्या तिसऱ्या लढाईत तोफगोळ्यांनी शेतांचा निचराच मोडला. त्यात पाऊस. ब्रिटिश रणगाडे पोटापर्यंत चिखलात बसले. तेव्हा मार्क-४ रणगाड्यांच्या टपावर एक जाड लाकडी तुळई ठेवत. रुतलं की ती साखळ्यांनी पट्ट्यांना बांधायची. पट्टे फिरले की ती खाली येई आणि रणगाडा तिच्यावरून चढून सुटे. चाकाखाली फळ्या-फांद्या सारण्याची आपली युक्ती त्याच जातीची.

तरी ओढून काढणं हे स्वतंत्र काम ठरायला दुसरं महायुद्ध उजाडलं. उत्तर आफ्रिकेत जर्मन आपले बिघडलेले रणगाडे रणांगणावरून ओढून नेत आणि दुरुस्त करून पुन्हा लढाईत आणत. ब्रिटिशांकडे हे काम तीन-चार खात्यांत विभागलेलं होतं. शेवटी १ ऑक्टोबर १९४२ला त्यांनी त्यासाठी वेगळं दल काढलं, आणि १९४३मध्ये भारतातही. तीच आजची ईएमई, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स. तिचं स्कूल बडोद्यात आहे, पण बडोदेकराला विचाराल तर तो ॲल्युमिनियमच्या पत्र्यांनी मढवलेलं दक्षिणामूर्तीचं देऊळ तेवढं सांगेल.

पाणी हे हत्यारही होतं. सप्टेंबर १९६५च्या युद्धात पंजाबातल्या असल उत्तर गावाजवळ आपल्या सैन्याने उसाच्या शेतांत पाणी सोडलं आणि पाकिस्तानचे पॅटन रणगाडे त्यात अडकले.

लष्करी हिशोब साधा आहे. गाडी चाकांपर्यंत रुतली, तर चिखलाचा अडथळा तिच्या वजनाइतका धरायचा. मडगार्डपर्यंत गेली तर दुप्पट, केबिनपर्यंत तर तिप्पट. म्हणजे दोन टनांची गाडी मडगार्डपर्यंत बसली की चार टनांची ओढ हवी. ट्रॅक्टरला साधा दोर बांधून झटका देणारे इथेच फसतात. त्यावर उपाय कप्पीचा: विंचची वायररोप (पोलादी तारांचा दोर) समोरच्या झाडाला बांधलेल्या कप्पीतून फिरवून परत रुतलेल्या गाडीच्याच हुकाला लावायची. ओढ जवळपास दुप्पट होते, वेग निम्मा. झाडाला रुंद पट्टा लावायचा, नाहीतर साल सोलली जाते. ताणलेल्या रोपवर एखादं जड कांबळं टाकायचं, कारण तुटली तर ती चाबकासारखी परतते. हे कांबळं विसरणाऱ्यांबरोबर मी तरी उभा राहणार नाही.

गाड्यांची वाटही लष्करातूनच आली. विलीज जीप महायुद्धातली, तिची जुळणी महिंद्रांनी मुंबईत १९४७मध्ये सुरू केली. निसानच्या ‘पॅट्रोल’ या गाडीवर बेतलेली जोंगा जबलपूरला बनायची, जिप्सी १९८५ची. सैन्यातून निवृत्त झालेल्या या गाड्या लिलावातून हौशी लोकांकडे आल्या. ईएमईचा सराव काही त्यांच्याबरोबर आला नाही.

पाण्यात गाडी घालण्याआधी पायी उतरून काठीने खोली बघा, हा यातला जुना नियम. बडोद्यातल्या मगरींच्या विश्वामित्री नदीकाठी मात्र तो पाळायला कुणी तयार नसतं. ऑगस्ट २०२४च्या पुरात लष्कराच्या तुकड्या शहरात आल्या, तेव्हा मगरीही रस्त्यांवर होत्या.