भिंतीवरची बुरशी आणि फुप्फुसांतला पहारा

ओल आलेल्या भिंतीवर काळे डाग दिसले की ‘विषारी काळी बुरशी’ हे शब्द हमखास कानावर येतात. १९९३-९४ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे काही तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांत रक्तस्राव झाला आणि त्याचे खापर स्टॅकिबॉट्रिस या काळ्या बुरशीवर फुटले. मात्र २००० साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने (सीडीसी) फेरतपासणीनंतर हा संबंध सिद्ध होत नसल्याचे जाहीर केले. बुरशीचा धोका तिच्या रंगावरून ठरत नाही. तो बीजाणू (हवेत उडणारे बुरशीचे सूक्ष्म बीजकण) आणि फुप्फुस यांच्यात काय घडते, यावर ठरतो.

ॲस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीचे बीजाणू जेमतेम २ ते ३ मायक्रोमीटरचे असल्याने त्यांतले बरेचसे नाकाघशात न अडकता थेट वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुप्फुसांतल्या सूक्ष्म हवेच्या पिशव्यांपर्यंत, पोहोचतात. आपण ते रोज श्वासावाटे घेतो, तरी बहुतेकांना काहीच होत नाही. या बीजाणूवर हायड्रोफोबिन जातीच्या प्रथिनाच्या सूक्ष्म काड्यांचा, पाणी झटकून टाकणारा थर असतो आणि या अंगरख्याखालचे बीटा-ग्लुकान (बुरशीच्या पेशीभित्तीतील शर्करायुक्त पदार्थ) प्रतिकारशक्तीच्या नजरेस पडत नाही. हा थर काढून टाकला की तोच निपचित बीजाणू प्रतिकारपेशींना चेतवतो, हे २००९ साली प्रयोगांतून दिसून आले. वायुकोशातील ओलाव्यात बीजाणू फुगतो तेव्हा अंगरखा फाटतो, उघड्या पडलेल्या बीटा-ग्लुकानला भक्षक पेशींवरील डेक्टिन-१ हा ग्राही (खूण ओळखणारे प्रथिन) ओळखतो आणि मगच हल्ला होतो. निद्रिस्त बीजाणूंवर दाह न खर्चता रुजू पाहणाऱ्यांनाच टिपणारी ही व्यवस्था मला विलक्षण वाटते.

ती बिघडण्याच्या तऱ्हा मात्र अनेक आहेत. दम्याच्या काही रुग्णांत या बुरशीची तीव्र ॲलर्जी होऊन घट्ट कफाचे बोळे श्वासनलिकांत अडकतात. क्षयाने पडलेल्या जुन्या पोकळीत बुरशीचा गोळा वाढून खोकल्यातून रक्त पडू शकते. प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांत बुरशीचे तंतू थेट ऊतींत शिरतात. अतिसंवेदनशील न्यूमोनायटिसमध्ये, म्हणजे श्वासातल्या कणांवरील प्रतिकारशक्तीच्या अतिप्रतिक्रियेने होणाऱ्या फुप्फुसदाहात, तर संसर्ग नसतोच. बीजाणू श्वासात गेल्यानंतर काही तासांनी ताप, खोकला आणि धाप सुरू होते, आणि संपर्क वर्षानुवर्षे चालू राहिला तर फुप्फुस कायमचे घट्ट होऊ शकते. जपानमधील दमट घरांत ट्रायकोस्पोरॉन बुरशीमुळे हा आजार उन्हाळ्यात होतो. रुग्णालयात दाखल झाल्यावर रुग्ण औषधाविनाही सुधारतो आणि घरी परतताच पुन्हा खोकू लागतो. घराबाहेर असताना बरे वाटते, ही गोष्ट म्हणूनच डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

हवेतले बीजाणू मोजून घर ‘सुरक्षित’ ठरवणाऱ्या जाहिरातींवर विसंबू नये, कारण जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत अशी कोणतीही मर्यादा दिलेली नाही. भर आहे तो ओल रोखण्यावर. डागांवर रंग फासून किंवा जंतुनाशक फवारून भागत नाही, कारण मेलेल्या बीजाणूंचीही ॲलर्जी होते. गळका नळ दुरुस्त करून भिंत कोरडी होऊ द्यावी आणि ज्याला दमा आहे त्याने ती खरवडण्याचे काम दुसऱ्यावर सोपवावे.