मशीनची धार : सुरी देण्याआधी एवढं वाचा

"दोन मिनिटांत धार लावून मिळेल का?" काउंटरवर हे रोज विचारतात. मिळते, पण आमच्याकडे नाही. आणि कारण ऐकल्याशिवाय पुण्यातला ग्राहक हलत नाही, म्हणून हा कागद छापला.

धार लावायच्या मशीनचा, म्हणजे ग्राइंडरचा, सहा इंची दगड मिनिटाला सुमारे २८०० फेरे घेतो. म्हणजे त्याची कड ताशी जवळजवळ ८० किलोमीटरने पळते. कर्वे रस्त्यावर आपल्या नशिबी नसलेला वेग! सुरी टेकली की ठिणग्या उडतात आणि बघणाऱ्याला वाटतं, झकास काम चाललंय. उडतंय ते तुमच्याच सुरीचं पोलाद.

पोलाद झिजलेलं एक वेळ चालेल. खरं नुकसान तापण्याचं. पात्याला पाणी दिल्यावर, म्हणजे लाल तापवून झटकन गार करून कडक केल्यावर, ते पुन्हा बेताने तापवतात, घरगुती सुऱ्यांच्या बाबतीत साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास. धार लावताना त्याच्या बरंच वर गेलं की कडकपणा उतरतो. धारेची कड इतकी पातळ, की उष्णतेला पसरायला जागाच नसते. आधी गवती पिवळा रंग येतो, ३०० च्या सुमारास निळा. निळं झालं की तिथलं पाणी गेलं. मग सुरी बादलीत बुडवून काही होत नाही, आणि पॉलिशने डाग घालवला तरी पोलाद मऊ ते मऊच. त्या दिवशी टोमॅटो छान चिरला जातो. पुढच्या आठवड्यात तीच सुरी साल दाबत बसते.

मागे एक काकू सासूबाईंची विळी घेऊन आल्या होत्या. दारावरच्या मशीनवाल्याने टोकाकडचं दोन बोटं पातं निळं करून ठेवलेलं. तेवढा भाग ओल्या दगडावर घासून काढावा लागला. पातं कमी झालं ते झालंच.

दुसरा त्रास खळग्याचा. हात जिथे क्षणभर थांबला तिथे दगड जास्त खातो. घरी बघायचं असेल तर सुरी पाटावर टेकवून, समोर उजेड ठेवून, हळूच पुढेमागे झुलवा. मध्येच फट दिसते? कोथिंबीर चिरल्यावर काड्या माळेसारख्या जोडलेल्या राहतात, त्या बहुधा या फटीमुळे.

खाचेतून सुरी ओढायची इलेक्ट्रिक यंत्रं त्या मानाने कमी तापतात. पण त्यांचा कोन ठरलेला, आणि मुठीजवळचं जाड पातं खाचेत बसतच नाही.

मशीन आमच्याकडेही आहे, खोटं कशाला बोला. मोडलेलं टोक, मोठी खांड, बागेतला कोयता यांना तेच लागतं. स्वयंपाकघरातली सुरी मात्र १००० नंबरच्या ओल्या दगडावर, मग बारीक दगडावर आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर. म्हणून आज दिलेली सुरी उद्या मिळते.

सुऱ्या वर्तमानपत्रात गुंडाळून, मुठीवर नावाची पट्टी चिकटवून आणा. विळी पाटासकट चालेल.