मांटा रे आणि जबाबदार डायव्हिंग

मांटा रे या महाकाय समुद्री माशाच्या चरण्यात किंवा अंग साफ करून घेण्यात व्यत्यय न आणता त्याला पाण्याखाली पाहण्याची पद्धत. मांटा जिथे जमतात ते मालदीव मुंबईहून विमानाने तीनेक तासांवर असल्याने ठाणे-नवी मुंबईतल्या हौशी डायव्हरांनाही हे जमण्यासारखे झाले आहे. यातले नियम एका पानात मावतात. अवघड आहे ते पाण्यात एका जागी स्वस्थ राहणे.

मांटा हा मासळी बाजारात दिसणाऱ्या पाकटाचा दूरचा नातलग. त्याच्या शेपटीला डंख मारणारा काटा नसतो. रीफ मांटा (रीफ म्हणजे समुद्रातले प्रवाळखडक) या जातीचे पंख साधारण 3 ते 3.5 मीटर पसरतात, तर सागरी मांटा या जातीचे 7 मीटरपर्यंत. एवढा देह पोसतो तो प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांवर: तोंडापुढचे शिंगांसारखे दिसणारे पडदे उलगडून तो पाणी आत वळवतो आणि कल्ल्यांतल्या जाळीने अन्न गाळून घेतो. मादीला बहुधा एका वेळी एकच पिल्लू होते, तेही सुमारे वर्षभराच्या गर्भकाळानंतर, आणि दोन विणींत काही वर्षे जातात. त्यामुळे घटलेली संख्या भरून यायला फार वेळ लागतो. धोक्यात आलेल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत सागरी मांटा ‘संकटग्रस्त’ आहे. चिनी पारंपरिक औषधांसाठी कल्ल्यांच्या जाळीला मिळणारा भाव आणि इतर माशांसाठी टाकलेल्या जाळ्यात सापडणे हे त्याचे मोठे धोके. डायव्हरांकडून होणारा त्रास त्यापुढे लहान, पण तो टाळणे सर्वस्वी आपल्या हातात असते.

हा त्रास सर्वांत जास्त होतो तो ‘क्लीनिंग स्टेशन’वर. रीफवरच्या ठरावीक खडकांपाशी छोटे मासे मांटाच्या अंगावरचे परजीवी आणि मृत त्वचा खातात. कल्ल्यांतून पाणी वाहते ठेवण्यासाठी मांटाला पोहत राहावे लागते, म्हणून तो प्रवाहाला तोंड करून तरंगतो किंवा संथ फेऱ्या घालतो. नेमक्या त्याच खडकावर डायव्हर जाऊन बसला की मांटा निघून जातो. म्हणून स्टेशनच्या कडेला, तळाजवळ पण प्रवाळाला न टेकता थांबायचे, किमान 3 मीटर अंतर राखायचे, मागून पाठलाग करायचा नाही आणि त्याची वाट अडवायची नाही. अंतर कमी करायचे की नाही, हे मांटा ठरवतो. स्पर्श वर्ज्य, कारण त्याच्या कातडीवरचा संरक्षक बुळबुळीत थर त्याने निघू शकतो. मांटा डोक्यावरून जाणार असेल तर बुडबुडे त्याच्या पोटावर आदळणार नाहीत अशी जागा आधीच धरावी. श्वास मात्र रोखू नये, स्कूबातला, म्हणजे पाठीवर हवेचे सिलिंडर घेऊन केलेल्या डायव्हिंगमधला, तो पहिला नियम आहे.

हे सगळे बॉयन्सीवर, म्हणजे पाण्यात वर-खाली न होता एका पातळीवर तरंगत राहण्यावर, अवलंबून असते. कमरेला जादा शिसे बांधून उतरलेला नवखा खाली खेचला जातो, मग फिन (पायातली रबरी वल्ही) मारत वाळू उडवतो आणि शेवटी प्रवाळ पकडतो. त्याच्या मनात प्राण्यांविषयी कितीही प्रेम असले तरी तेवढ्याने काही भागत नाही. मालवणला इन्स्ट्रक्टरने सिलिंडर धरून फिरवलेली ‘ट्राय डाइव्ह’ ही मांटाची पूर्वतयारी नव्हे. ठाणे खाडीचे गढूळ पाणी सरावाच्या कामाचे नाही, तेव्हा आधी तरणतलावात आणि मग स्वच्छ समुद्रात नुसते तरंगत थांबण्याचा सराव करावा लागतो. कॅमेरा त्यानंतर. या कामी खाडीतले लोक मात्र चांगले शिक्षक ठरतील: ऐरोलीहून फ्लेमिंगो पाहायला निघालेली बोट थव्यात घुसवली तर समोर उरते ती फक्त रिकामी दलदल.

हंगामाचे गणितही ओळखीचे आहे. आपल्याकडे नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की कोकणातले डायव्हिंग बंद होते. त्याच वाऱ्यांच्या काळात मालदीवच्या बा प्रवाळद्वीपातल्या हनिफारू उपसागरात मांटा जमतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची भरती आणि मोसमी प्रवाह एकमेकांवर आले की प्लवक त्या चिंचोळ्या जागेत अडकतात आणि कधी कधी शंभरावर मांटा चरायला येतात. उधाणाच्या तिथी आगरी-कोळ्यांना सांगाव्या लागत नाहीत. पर्यटकाने मात्र सहल ठरवण्याआधी पंचांग पाहावे.

बा प्रवाळद्वीप 2011 पासून युनेस्कोचे जीवावरण राखीव क्षेत्र आहे. हनिफारूत स्कूबाला बंदी आहे. वाटाड्यासोबत फक्त स्नॉर्केलिंग (तोंडात श्वासनळी धरून पृष्ठभागावर पोहणे) करता येते आणि वेळेवर व माणसांच्या संख्येवर मर्यादा असते. सिलिंडरसह उतरू देतो असे कुणी सांगत असेल तर त्याच्याकडे पैसे भरू नयेत.

छायाचित्र हवेच असेल तर फ्लॅश न वापरता पोटाचे घ्यावे. तिथल्या ठिपक्यांची रचना प्रत्येक मांटाची वेगळी असते आणि संशोधक त्यावरूनच एकेक मांटा ओळखतात. पाठीचे फोटो या कामी फारसे उपयोगी पडत नाहीत.