शेण नव्हे, लेंड्या नव्हेत: कुत्र्या-मांजरांच्या घाणीची पार्श्वभूमी

मराठीत जनावर बदललं की विष्ठेचं नाव बदलतं. गाई-म्हशीचं शेण, शेळ्या-मेंढ्यांच्या लेंड्या, घोड्या-गाढवाची लीद. माणसाच्या मैल्याचं खत केलं तर ते सोनखत. कुत्र्या-मांजराची मात्र नुसती ‘घाण’. जे शेतात, चुलीत किंवा सारवायला उपयोगी पडलं त्याला नाव मिळालं, आणि जे कुठेच लागलं नाही ते बिननावाचं राहिलं. आज फ्लॅटमध्ये कुत्रं पाळणारे जेव्हा विचारतात, ‘शेणाचं खत होतं, मग हिच्या शीचं का नाही?’, तेव्हा उत्तराचा अर्धा भाग या नावांतच असतो.

माझ्या आजोळी मागच्या दाराशी एका फुटक्या घमेल्यात चुलीतली गार राख ठेवलेली असायची. मांजरानं कोपऱ्यात घाण केली की आजी तिच्यावर दोन मुठी राख टाकायची आणि दुसऱ्या कामाला लागायची. थोड्या वेळानं राखेनं ओल शोषून घेतलेली असायची, वास बसलेला असायचा, माशी फिरकत नसे. मग तेलाच्या डब्याचा कापलेला पत्रा खाली सरकवून ती सगळं एका फटक्यात उचलायची. एवढं झाल्यावर ते उकिरड्यावर जात नसे. कुंपणाजवळ, विहिरीपासून लांब, एक वेगळा खड्डा होता. ‘उकिरडा शेतात जातो, हे नाही जायचं,’ एवढंच ती सांगायची. कारण तिनं कधी सांगितलं नाही. मला ते कळायला बरीच वर्षं लागली.

कारण पोटात आहे. गाय, शेळी, मेंढी गवत खातात आणि त्यांच्या शेणात मुख्यतः अर्धवट पचलेला चाराच असतो. मातीला तो हवाच असतो. म्हणून तर धनगराचा वाडा, म्हणजे मेंढ्यांचा कळप, रात्री शेतात बसवून घ्यायचा आणि बदल्यात त्याला धान्य द्यायचं, ही रीत महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. मेंढ्या बसलेलं रान पुढच्या हंगामात वेगळं दिसतं, हे कोणीही शेतकरी सांगेल. कुत्रं-मांजर मांसाहारी कुळातलं. त्यांच्या आतड्यातले काही जंत आणि परजीवी माणसालाही धरतात. कुत्र्यातल्या गोल जंताची अंडी ताजी असताना बाधत नाहीत. मातीत दोन-तीन आठवडे राहिली की ती बाधक होतात, आणि पुढे कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं तशीच टिकतात. मुलं मातीत खेळतात, तोंडात बोटं घालतात, तिथून ती पोटात जातात. मांजरातला टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी १९०८ मध्ये ट्युनिसमध्ये चार्ल्स निकोल आणि लुई मॉन्सो यांना एका उंदरासारख्या प्राण्यात सापडला. पण तो मांजराच्या विष्ठेतून पसरतो हे पक्कं व्हायला १९७० साल उजाडावं लागलं. तोही बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांनीच बाधक होतो. मांजराचा ट्रे रोजच्या रोज साफ करा आणि गरोदर बाईला ते काम देऊ नका, असं डॉक्टर सांगतात ते यामुळे.

जुन्या गावात ही अडचण फारशी जाणवली नाही, कारण कुत्री मोजकी आणि जमीन भरपूर होती. ऊन, माती आणि किडे मिळून काम करत होते. अडचण आली ती शहरात, आणि तिथे आधी एक नवलाची गोष्ट घडली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनमध्ये कुत्र्याच्या घाणीला चक्क भाव होता. बर्मंडसी भागातले चामड्याचे कारखाने कातडं मऊ करायला ती वापरत. बऱ्याचदा म्हाताऱ्या, निराधार बाया आणि पुरुष टोपली घेऊन रस्तोरस्ती फिरून ती गोळा करत, आणि त्या मालाला ‘प्युअर’, म्हणजे ‘शुद्ध’, असं नाव होतं. पत्रकार हेन्री मेह्यू यानं या माणसांशी बोलून त्यांचं जगणं लिहून ठेवलं आहे. बादलीमागे आठ-दहा पेन्स मिळत, चांगल्या मालाला शिलिंगाच्याही वर. इंग्रजीतसुद्धा उपयोग सापडल्याबरोबर नाव मिळालंच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो र्‍योम याच्या लक्षात आलं की कातडं मऊ करणारी खरी गोष्ट म्हणजे त्या घाणीतली पाचक विकरं (एन्झाइम). कत्तलखान्यातल्या जनावरांच्या स्वादुपिंडातून ती काढून त्यानं तयार द्रव्य बनवलं आणि १९०७ मध्ये ओटो हास याच्याबरोबर कंपनी काढली. कारखान्यांची एका किळसवाण्या कामातून सुटका झाली हे चांगलंच झालं. पण त्या दिवसापासून रस्त्यावरची घाण उचलून न्यायला कोणाला कारण उरलं नाही.

मांजराची गोष्ट वेगळ्या वाटेनं गेली. १९४७ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एड लो नावाच्या तरुणाकडे एक शेजारीण आली. तिच्या मांजरासाठीची वाळू थंडीनं गोठली होती. लो तेल-ग्रीस शोषून घेणाऱ्या वस्तू विकायचा. त्यानं तिला ‘फुलर्स अर्थ’ या मातीची पिशवी दिली, आणि तिला ती इतकी आवडली की लोनं पाच पौंडांच्या पिशव्या ६५ सेंटना विकायला काढल्या. आपल्याकडे ही माती बाया शतकानुशतकं चेहऱ्याला लावत आल्या आहेत: मुलतानी माती! या पिशवीमुळे मांजर कायमचं घरात आलं. पुढे १९८० च्या दशकात गोळा होणारं ‘लिटर’, म्हणजे मांजराच्या ट्रेमध्ये घालायची माती, आली, ती बेंटोनाइट मातीची. ही माती ओल लागली की फुगते आणि घट्ट गोळा बनते. गुजरातमधल्या कच्छमध्ये तिचे मोठे साठे आहेत आणि तिथून ती लिटरसाठी परदेशीही जाते. सोय मोठी, पण ही खाणीतून खणून काढलेली माती दोन दिवस वापरून कचऱ्यात जाते. संडासात टाकली तर पाइपातच फुगून बसते.

कुत्र्याच्या बाबतीत कायद्याला हात घालावा लागला. न्यूयॉर्कमध्ये आधी ‘कुत्र्याला रस्त्याच्या कडेला न्या’ एवढ्याच पाट्या होत्या. १९७० च्या दशकात फूटपाथ इतके घाण झाले आणि जंतांमुळे मुलांना होणाऱ्या आजारांची इतकी चर्चा झाली की अखेर उचलण्याची सक्ती आली. कुत्रेवाल्यांनी जोरदार विरोध केला. एड कॉच महापौर असताना, १ ऑगस्ट १९७८ पासून, आपल्या कुत्र्याची घाण आपणच उचलायची असा राज्याचा कायदा तिथे लागू झाला. दंड तेव्हा १०० डॉलरपर्यंत. पॅरिसनं उलटा रस्ता धरला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पालिकेनं घाण शोषून घेणाऱ्या खास मोटारसायकली रस्त्यावर आणल्या. खर्च भरमसाट आणि मालक निवांत, त्यामुळे वीसेक वर्षांत तो प्रयोग गुंडाळला आणि पॅरिसही दंडावर आलं. न्यूयॉर्कचा नियम जगभर पोचला, आणि त्याच्याबरोबर पोचली प्लॅस्टिकची पिशवी. काही महिन्यांत मातीत मिसळू शकणारी गोष्ट आपण दशकानुदशकं न कुजणाऱ्या आवरणात बांधून ठेवू लागलो. फूटपाथ स्वच्छ झाला, डंपिंग ग्राउंडची भर झाली.

मुंबईत महापालिकेच्या २००६ च्या स्वच्छता उपविधींनी पाळीव प्राण्याची घाण न उचलणाऱ्याला ५०० रुपये दंड ठेवला. त्याच्या आदल्याच वर्षी, २६ जुलै २००५ च्या पुरानंतर, तुंबलेल्या गटारांतल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आल्या होत्या. २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिकबंदीची अंमलबजावणी सुरू झाली. म्हणजे कुत्रं फिरवणाऱ्याच्या हातात एकीकडून ‘उचल’ आणि दुसरीकडून ‘पिशवी नको’ असे दोन हुकूम आले. लोकांनी आपापली वाट काढली. वर्तमानपत्राचा चौकोनी तुकडा वेळेवर खाली सरकवायचा, पुडी बांधायची. आजीच्या पत्र्याचीच ही शहरी आवृत्ती. काहींनी महागड्या ‘कंपोस्टेबल’, म्हणजे खतात कुजणाऱ्या, पिशव्या घेतल्या. या पिशव्यांसाठी भारतीय मानक आहे, आयएस १७०८८, पण ते मोठ्या खतप्रकल्पातली उष्णता गृहीत धरतं. १९२७ पासून कचरा गिळणाऱ्या मुंबईतल्या देवनारसारख्या कचऱ्याच्या डोंगरात, जिथे खाली हवाच पोचत नाही, तिथे या पिशवीचा उपयोग फारसा होत नाही. आत कुजणाऱ्या मालातून मिथेन निघतो तो वेगळाच. ज्यांच्या गावात ओला कचरा खरोखर खतप्रकल्पात जातो आणि तो प्रकल्प ही घाण घेतो, त्यांनी ती पिशवी जरूर वापरावी. बाकीच्यांना माझं सांगणं, कागद पुरे.

मग घरी काय करायचं? याचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको, कारण मैल्याचं खत करण्यावर आपल्या भागात जेवढा विचार झाला तेवढा फार थोड्या ठिकाणी झाला असेल. इंदूरला इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात काडीकचरा आणि शेण यांचे थर लावून, हवा खेळती ठेवून ढीग तापवण्याची पद्धत बसवली. गांधीजी सांगत की मैला फूटभरापेक्षा खोल पुरू नका, कारण वरच्या थरातच माती जिवंत असते. ‘कोकणचे गांधी’ अप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात सोनखताचे संडास करून दाखवले, ज्यात कोणाला डोक्यावरून मैला वाहावा लागू नये हाच मूळ हेतू होता. पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी भोकं ठेवलेल्या विटांच्या टाक्याची ‘नाडेप’ पद्धत दिली. या सगळ्यांचं सार म्हणजे वरून झाकण, कोरडा पाला, हवा आणि वेळ.

कुत्र्याच्या घाणीवर नेमकेपणानं काम झालं ते अलास्कात. फेअरबँक्स भागात स्लेज ओढणारी कुत्री एकेका मालकाकडे डझनांनी असतात आणि गोठलेल्या जमिनीत खड्डा कुठून खणणार? १९९१ मध्ये तिथल्या मृदसंधारण विभागानं कुत्रेवाल्यांबरोबर प्रयोग केला: दोन भाग विष्ठा, एक भाग लाकडाचा भुसा, ओलावा बेताचा, मधूनमधून उलथापालथ. मोठा ढीग ६० अंश सेल्सिअसच्या आसपास तापला आणि काही आठवड्यांत भुसभुशीत खत झालं. तरीही त्यांनी बजावून सांगितलं की हे खत खायच्या पिकाला घालू नका, कारण गोल जंताची सगळी अंडी मेली याची हमी नाही. कुंपणाजवळच्या त्या वेगळ्या खड्ड्याचं कारण मला इथे सापडलं.

एका कुत्र्याच्या घरात असा ढीग तापत नाही, हे मी करून पाहिलं आहे. अंगणात कोपऱ्याला मी निळा प्लॅस्टिकचा ड्रम बूड कापून, बाजूंना भोकं पाडून अर्धा पुरला. रोजची घाण त्यात, वर सुताराकडचा भुसा दोन मुठी, वर वाळका पाला आणि झाकण. लांब दांड्याचा थर्मामीटर खुपसला तर पारा बेचाळीसच्या वर कधी गेला नाही. सांडपाण्याच्या गाळातले रोगजंतू मारायला अमेरिकेत जे प्रमाण धरतात ते बंद टाकीत ५५ अंशांच्या वर सलग तीन दिवस. तिथपर्यंत माझा ड्रम पोचणं शक्य नव्हतं. पहिल्या पावसाळ्यात तर झाकणाच्या फटीतून पाणी गेलं, भुसा लगदा झाला आणि वासानं शेजारच्या काकू बोलायला आल्या. त्या बरोबरच होत्या. मी वर पत्र्याची छपरी केली, भुशाचं प्रमाण दुप्पट केलं, कडेला मातीचा बांध घातला. वास थांबला.

उष्णता मिळत नाही तिथे मी वेळ देतो. ड्रम भरला की वर वीतभर माती टाकून बंद करायचा, तारीख रंगानं लिहायची, दुसरा ड्रम सुरू करायचा. दोन वर्षं हात लावायचा नाही. नंतरही ते फक्त फुलझाडांना, तेही हातमोजे घालून. कढीपत्ता, मिरची, अळू यांच्या जवळपास नाही. आणि या सगळ्याच्या आधीचं काम म्हणजे कुत्र्याला पशुवैद्याच्या सल्ल्यानं वेळेवर जंताचं औषध. जंत पोटातच नसतील तर अंडी मातीत येणार कुठून?

मांजराच्या बाबतीत मी खताच्या वाटेला जाऊच नका म्हणेन, आणि संडासात तर कधीच टाकू नका. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या समुद्री पाणमांजरांमध्ये टोक्सोप्लाझ्माची लागण आढळली आणि जमिनीवरून वाहून येणाऱ्या पाण्याशी तिचा संबंध २००२ मध्ये दाखवला गेला. २००६ मध्ये तिथे लिटरच्या पिशवीवर ‘संडासात टाकू नका’ अशा अर्थाची सूचना छापणं बंधनकारक करणारा कायदा झाला. आपल्याकडे किती शहरांचं सांडपाणी नीट शुद्ध होऊन नदीत जातं, हे मुळा-मुठेच्या पुलावर उभं राहिलं की दिसतं. मांजरासाठी खाणीतल्या मातीऐवजी लाकडाच्या भुशाच्या गोळ्या घ्याव्यात, घाण रोज कागदात घट्ट गुंडाळून वेगळी द्यावी आणि पुडीवर खूण करावी. कचरा उचलणारी ताई ती उघड्या हातानं सोडवते, म्हणून.

माझा पहिला ड्रम गेल्या दिवाळीनंतर बंद झाला. झाकणावर पांढऱ्या रंगात तारीख आहे. शेजारी जास्वंदीची दोन रोपं लावून ठेवली आहेत, आणि मागच्या दाराशी फुटक्या घमेल्यात भुसा.