कॅथलिक सामाजिक शिकवण : बलस्थाने आणि उणिवा

मजुरी, मालमत्ता, राज्यसत्ता, युद्ध, गरिबी आणि अलीकडे पर्यावरण या विषयांवर रोमन कॅथलिक चर्चने 1891 पासून मांडत आणलेल्या विचारांना कॅथलिक सामाजिक शिकवण म्हणतात. पोपनी काढलेली परिपत्रके हा तिचा मुख्य आधार. त्यांच्या जोडीला जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे (1962–65) दस्तऐवज आणि निरनिराळ्या देशांतील बिशपांची निवेदने येतात. 2004 मध्ये व्हॅटिकनने या साऱ्याचा सारसंग्रह प्रसिद्ध केला. सरकार कसे चालवावे किंवा कारखाना कसा उभारावा याचा आराखडा या शिकवणीत सापडत नाही. समाजातला एखादा व्यवहार न्याय्य आहे का, हे तपासण्याची कसोटी ती देते. ती कसोटी बाजाराला आणि सरकारला लावताना चर्चने अनेकदा धैर्य दाखवले. स्वतःच्या कारभाराला ती लावण्यात मात्र चर्च फार कमी पडले, आणि या शिकवणीची सर्वांत गंभीर उणीव तीच आहे.

मजुरीचा प्रश्न

पोप लिओ तेरावे यांचे ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक 15 मे 1891 रोजी निघाले. युरोपातल्या कारखान्यांत तेव्हा स्त्रिया आणि मुलेही दीर्घकाळ राबत होती. कम्युनिस्ट जाहीरनामा येऊन 43 वर्षे झाली होती, म्हणून चर्चला उशिरा जाग आली हा आक्षेप रास्तच आहे. तरी वाट आधीच काहींनी पाडली होती. जर्मनीत माइन्झचे बिशप केटेलर यांनी कामगारांचा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून लावून धरला होता, आणि लंडनच्या गोदी कामगारांचा 1889 चा संप मिटवण्यात कार्डिनल मॅनिंग यांचा मोठा वाटा होता.

परिपत्रकाने समाजवाद नाकारला आणि खासगी मालमत्तेचा हक्क ठामपणे मांडला. त्याच दमात कामगारांना संघटना बांधण्याचा हक्क आहे असेही सांगितले. पण त्यातला सर्वांत टिकाऊ विचार मजुरीविषयी आहे. मालक आणि मजूर यांनी राजीखुशीने मजुरी ठरवली की न्याय झाला, असे त्या काळचे अर्थशास्त्र म्हणत होते. लिओ यांचे म्हणणे असे, की नैसर्गिक न्याय कोणत्याही कराराहून जुना आणि श्रेष्ठ आहे. उपासमारीच्या भीतीने मजुराने तुटपुंजी मजुरी पत्करली, तर त्याच्यावर बळजबरीच झाली. बाजाराच्या भावापेक्षा माणसाची गरज वरची आहे, हे इतक्या मोठ्या धर्मसंस्थेने इतक्या स्पष्टपणे सांगणे ही सामान्य गोष्ट नव्हती. किमान वेतनाच्या चळवळीला त्यातून नैतिक बळ मिळाले. अमेरिकेत धर्मगुरू जॉन रायन यांनी निर्वाह वेतनाचा हिशेब 1906 मध्ये पुस्तकरूपाने मांडला.

नव्वद वर्षांनी, 1981 मध्ये, जॉन पॉल दुसरे यांच्या ‘लाबोरेम एक्झरसेन्स’ने हा धागा पुढे नेला. भांडवलापेक्षा श्रम आधी, हे त्याचे सूत्र. ‘अप्रत्यक्ष मालक’ ही कल्पनाही त्याच परिपत्रकातली. मजुराच्या हातात पैसे ठेवणारा प्रत्यक्ष मालक. पण ते पैसे किती असतील हे सरकारी धोरण, आंतरराष्ट्रीय व्यापार आणि दूरवरचे खरेदीदारही ठरवत असतात, तेव्हा जबाबदारी त्यांचीही. ठेकेदारी आणि उपठेकेदारीच्या आजच्या काळात या कल्पनेची जितकी चर्चा व्हायला हवी तितकी होत नाही.

मालमत्ता आणि गाव

खासगी मालमत्तेच्या प्रश्नावर शिकवणीचा तोल हळूहळू सरकत गेला. पृथ्वीवरील साधने मुळात सर्वांसाठी आहेत आणि मालकीहक्क त्या मर्यादेत आहे, हा जुना विचार पॉल सहावे यांनी 1967 मध्ये ‘पॉप्युलोरुम प्रोग्रेसिओ’त इतका पुढे आणला, की विस्तीर्ण आणि पडीक जमिनी सर्वहितासाठी काढून घेणेही त्यांनी योग्य ठरवले. खासगी मालमत्तेवर समाजाचे गहाण, म्हणजे समाजाचाही हक्क, आहे, असे जॉन पॉल दुसरे 1979 मध्ये मेक्सिकोत म्हणाले.

‘सब्सिडिॲरिटी’चे तत्त्व पायस अकरावे यांनी 1931 मध्ये ‘क्वाड्राजेसिमो आन्नो’त मांडले. जे काम कुटुंब, गाव किंवा संघटना करू शकते ते वरच्या सत्तेने हिरावून घेऊ नये. त्यांना जे झेपत नाही तिथे मात्र वरच्यांनी हात द्यावा. 1992 च्या मास्ट्रिख्ट करारात हे तत्त्व युरोपीय संघाने स्वीकारले. प्रत्यक्ष जमिनीवर त्याची परीक्षा स्पेनच्या बास्क प्रदेशात झाली. मोंद्रागोन या गावी 1941 मध्ये आलेले धर्मगुरू होसे मारिया अरिझमेंदियारिएता यांनी आधी तंत्रशाळा काढली, आणि तिच्या विद्यार्थ्यांनी 1956 मध्ये कामगारांच्याच मालकीचा पहिला कारखाना सुरू केला. त्यातून सहकारी उद्योगांचा मोठा समूह उभा राहिला. त्यातली फागोर ही घरगुती उपकरणांची संस्था 2013 मध्ये बुडाली, हेही नोंदवले पाहिजे. पण तिच्या अनेक कामगारांना समूहातल्या इतर संस्थांनी सामावून घेतले.

महाराष्ट्रात याच वळणाचे काम अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) दुष्काळी पट्ट्यात दिसते. जेसुइट या धर्मसंघाचे स्विस धर्मगुरू हर्मन बाखर यांनी इथे पाणलोट विकासाला वाहून घेतले, आणि 1993 मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्यासह ‘वॉटर’ ही संस्था स्थापन केली. गावाने श्रमदान करायचे, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची, कामाची समिती गावाचीच असायची, अशी या कामाची पद्धत. वसईत धर्मगुरू पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने 1918 मध्ये सुरू झालेली सहकारी पतसंस्था पुढे बँक झाली. वसईच्या हरित पट्ट्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो लढले ते फ्रान्सिस पोपचे ‘लाउदातो सी’ (2015) हे पर्यावरणविषयक परिपत्रक येण्याच्या कितीतरी आधी. शिकवण नेहमी रोमहून खाली येत नाही, हे यावरून ध्यानात येते.

संघर्षापुढचा संकोच

मालक आणि मजूर एका देहाचे अवयव आहेत, त्यांनी सलोख्याने राहावे, ही कल्पना सुरुवातीच्या परिपत्रकांच्या मुळाशी आहे. देह एक असला तरी दुबळ्याचे हित सबळाच्या विरोधात जाते तेव्हा काय करायचे, याचे उत्तर तिथे अपुरे आहे. प्रत्येक धंद्यातल्या मालक-मजुरांचे एकत्रित संघ करून वर्गसंघर्ष मिटवावा, या ‘क्वाड्राजेसिमो आन्नो’तल्या सूचनेचा कसा वापर झाला ते ऑस्ट्रियात दिसले. चान्सलर डॉलफुस यांनी त्या परिपत्रकाचे नाव घेत 1934 मध्ये हुकूमशाही राज्यघटना आणली. त्याआधी फेब्रुवारीत त्यांच्या सैन्याने व्हिएन्नातल्या कामगारांच्या वसाहतींवर तोफा डागल्या होत्या. पायस अकरावे यांनी फॅसिस्ट इटलीतल्या अशाच सरकारी संघांविषयी शंका नोंदवली होती, हे खरे. पण तत्त्व इतके मोघम होते की हुकूमशहाला ते सोयीचे वाटले.

लॅटिन अमेरिकेच्या बिशपांनी 1968 मध्ये मेडेलिन येथे आणि 1979 मध्ये पुएब्ला येथे हा संकोच बराच दूर केला. गरिबांना अग्रक्रम, ही भूमिका तिथून साऱ्या चर्चमध्ये गेली. तिची किंमतही मोजावी लागली. एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांना 24 मार्च 1980 रोजी मिस्सा ही उपासना अर्पण करत असताना गोळी घालण्यात आली. व्हॅटिकनने मात्र 1984 मध्ये मुक्तीच्या धर्मशास्त्रातल्या, म्हणजे गरिबांची अन्यायातून सुटका श्रद्धेच्या केंद्रस्थानी मानणाऱ्या विचारातल्या, मार्क्सवादी प्रवाहांवर कडक टीका केली. त्याच दशकात पोलंडमधल्या ‘सॉलिडॅरिटी’ या कामगार संघटनेला पोपचा उघड पाठिंबा होता. कम्युनिस्ट राजवटीविरुद्धच्या संपाला आशीर्वाद आणि जमीनदारांविरुद्धच्या लढ्यावर संशय, हा भेद लॅटिन अमेरिकेतल्या अनेकांना जिव्हारी लागला. रोमेरो यांना संतपद मिळायला 2018 उजाडले.

मोघमपणाची दुसरी किंमत अशी, की प्रत्येक पक्षाला आपल्या सोयीचे वाक्य मिळते. जॉन पॉल दुसरे यांच्या ‘सेन्तेसिमुस आन्नुस’ (1991) मधला बाजारव्यवस्थेला अनुकूल मजकूर अमेरिकेतल्या भांडवलशाहीच्या समर्थकांनी उचलला, तर बाजाराच्या मर्यादांवरचा मजकूर कामगारांची बाजू घेणाऱ्यांनी.

स्त्रिया आणि न सांगितलेले बदल

1891 चे परिपत्रक स्त्रीला स्वभावतः घरकामासाठी योग्य मानते. कुटुंबाला पुरेल इतकी मजुरी, हा उदार विचार त्यामुळे कमावता पुरुष आणि घरातली बाई या चौकटीत अडकला. शेतात, कारखान्यात, इतरांच्या घरी राबणाऱ्या बाईची मजुरी दुय्यम राहिली. पुढच्या परिपत्रकांनी समान हक्कांची भाषा स्वीकारली. पण ती लिहिण्याचा आणि मंजूर करण्याचा अधिकार आजही पुरुषांकडेच आहे.

आपण बदललो, हे सांगायला चर्च कचरते. विवेकस्वातंत्र्याची कल्पना 1832 मध्ये ग्रेगरी सोळावे यांनी निंद्य ठरवली; 1965 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्य हा माणसाचा हक्क मानला. 1866 मध्येही श्रद्धेच्या बाबींवर निर्णय देणाऱ्या रोमच्या धर्मकार्यालयाने गुलामगिरी नैसर्गिक कायद्याच्या विरोधात नाही असे उत्तर दिले होते. बदल झाले ते चांगलेच झाले. ते ‘विकास’ म्हणून सांगितले जातात, आणि चूक कुणाची होती हा प्रश्न मागे पडतो.

घरातला न्याय

न्यायाविषयी बोलणाऱ्याने आधी लोकांच्या नजरेत न्यायी असले पाहिजे, असे रोममध्ये भरलेल्या 1971 च्या जागतिक बिशप सभेने स्वतःच लिहून ठेवले. आठ वर्षांनी अमेरिकेत शिकागोच्या बिशपांनी सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद केला, की चर्चच्या शाळांतील शिक्षकांच्या संघटनांना राष्ट्रीय कामगार मंडळाचे नियम लागू होऊ नयेत. ते जिंकले. संघटनेचा हक्क जगाला शिकवणाऱ्या संस्थेने स्वतःच्या शिक्षकांसाठी ही वाट निवडावी, याचे समर्थन करता येत नाही.

भारतात हीच कसोटी जातीपाशी लागते. 1950 च्या राष्ट्रपती आदेशामुळे दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर राहिले. शिखांचा समावेश 1956 मध्ये आणि बौद्धांचा 1990 मध्ये झाला. दलित ख्रिस्ती लोकांनाही हा हक्क मिळावा, ही बिशपांची मागणी न्याय्य आहे. पण काही ठिकाणी, विशेषतः तमिळनाडूत, दफनभूमीतही जातीची भिंत राहिली, आणि धर्मगुरूंमध्ये व बिशपांमध्ये दलितांचे प्रमाण त्यांच्या संख्येच्या मानाने फारच कमी आहे. भारतीय बिशप परिषदेने दलितांविषयीचे धोरण 2016 मध्ये जाहीर केले आणि चर्चमधला जातिभेद पाप असल्याचे मान्य केले. हैदराबादचे आर्चबिशप पूला अँथनी 2022 मध्ये पहिले दलित कार्डिनल झाले. ‘रेरुम नोव्हारुम’ला तोवर 131 वर्षे झाली होती.