‘ऑलरेडी’ या एका शब्दाचं ओझं : जपान–दक्षिण कोरिया वादाची पार्श्वभूमी

जपान आणि दक्षिण कोरिया यांचे राजनैतिक संबंध २२ जून १९६५ च्या करारावर उभे आहेत. या कराराचं दुसरं कलम जेमतेम एका वाक्याचं. २२ ऑगस्ट १९१० रोजी किंवा त्याआधी जपानी आणि कोरियन साम्राज्यांत झालेले सगळे करार ‘ऑलरेडी नल अँड व्हॉइड’, म्हणजे आधीच रद्दबातल आहेत, एवढंच ते सांगतं. करार जपानी, कोरियन आणि इंग्रजी अशा तीन भाषांत झाला. अर्थावरून मतभेद झाले तर इंग्रजी प्रत प्रमाण मानायची, असंही ठरलं. पण मेख इंग्रजीतच होती. ‘आधीच’ म्हणजे नेमकं कधीपासून? कोरियाच्या मते सही झाली त्या क्षणापासून, कारण करार धाकदपटशानं लादलेले होते. जपानच्या मते ते त्या वेळी वैध होते आणि १९४८ मध्ये कोरियाचं प्रजासत्ताक स्थापन झालं तेव्हा संपले. वाटाघाटी १९५१ पासून रखडल्या होत्या, त्या या शब्दावर सुटल्या. दोन्ही सरकारांना आपापल्या संसदेत आपापला अर्थ सांगता आला.

त्यानंतरचे बहुतेक वाद याच फटीतून वर आले आहेत.

रद्द ठरवलेले करार कोणते, हे पाहिल्याशिवाय कोरियाचा राग समजत नाही. १७ नोव्हेंबर १९०५ च्या करारानं कोरियाचं परराष्ट्र खातं जपानच्या ताब्यात गेलं आणि २२ ऑगस्ट १९१० च्या करारानं देशच विलीन झाला. पुढे १९४५ पर्यंत जपानची सत्ता होती. शेवटच्या वर्षांत शाळांतून कोरियन भाषा हद्दपार झाली, लोकांवर जपानी धर्तीची नावं लादली गेली, आणि युद्धासाठी माणसं खाणी-कारखान्यांत नेली गेली.

१९६५ च्या मुख्य करारासोबत दाव्यांचा वेगळा करार झाला. जपाननं ३० कोटी डॉलर अनुदान आणि २० कोटी डॉलर सवलतीचं कर्ज द्यायचं, आणि दोन्ही देशांचे व नागरिकांचे दावे ‘संपूर्ण आणि अंतिमरीत्या’ मिटले असं मानायचं. ही रक्कम नुकसानभरपाई आहे असं मात्र त्यात कुठंही म्हटलेलं नाही. जपानी बाजूनं तिला आर्थिक सहकार्य म्हटलं. कोरियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या सरकारनं त्यातला मोठा वाटा उद्योगांत घातला. पोहांगचा पोलाद कारखाना त्यातून उभा राहिला. सक्तीच्या मजुरीत मेलेल्यांच्या वारसांना १९७० च्या दशकात माणशी ३ लाख वॉन मिळाले. जिवंत परतलेल्या मजुरांच्या हाती त्या वेळी काहीच पडलं नाही. देश उभा राहिला हे खरं, पण ज्यांच्या नावानं पैसा आला ती माणसं मागे राहिली, हेही तितकंच खरं.

‘ऑलरेडी’चा हिशोब ३० ऑक्टोबर २०१८ ला समोर आला. कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयानं निप्पॉन स्टीलला चार माजी मजुरांना प्रत्येकी १० कोटी वॉन देण्याचा आदेश कायम केला. युक्तिवाद सरळ होता: वसाहतीची सत्ता मुळातच बेकायदा होती, म्हणून तिच्या काळातल्या अमानुष वागणुकीची भरपाई हा वेगळा दावा ठरतो आणि तो १९६५ मध्ये मिटलेला नाही. विलीनीकरण तेव्हा वैध होतं असं धरलं, तर हा युक्तिवाद पहिल्याच पायरीवर कोसळतो. त्यामुळे जपानच्या लेखी हा निकाल म्हणजे सरळ करारभंग होता. दाव्यांच्या कराराच्या तिसऱ्या कलमात वाद सोडवायची वाट दिलेली आहे. आधी राजनैतिक चर्चा, ती फसली तर लवाद. जपाननं २०१९ मध्ये दोन्ही मागितलं. कोरियानं लवाद नाकारला.

मग जुलै २०१९ मध्ये तीन रसायनं बातम्यांत आली: फ्लोरिनेटेड पॉलिइमाइड, फोटोरेझिस्ट आणि हायड्रोजन फ्लोराइड. पहिलं डिस्प्लेसाठी लागतं, दुसरं चिपवर प्रकाशानं नक्षी उमटवायला आणि तिसरं ती कोरायला व धुवायला. ४ जुलैपासून जपाननं एकत्रित परवान्याची सवलत काढून कोरियाला होणाऱ्या त्यांच्या प्रत्येक निर्यातीला स्वतंत्र परवाना सक्तीचा केला. छाननीला ९० दिवसांपर्यंत वेळ लागू शकत होता. अतिशुद्ध हायड्रोजन फ्लोराइड संक्षारक असल्यामुळे महिनोनमहिने साठवून ठेवणं अवघड, त्यामुळे कोरियन चिप कंपन्यांची धावपळ उडाली. जपाननं कारण निर्यात-नियंत्रणाचं दिलं, पण कोरियात कुणी त्यावर विश्वास ठेवला नाही. जपानी मालावर बहिष्कार सुरू झाला आणि २२ ऑगस्टला कोरियानं लष्करी गुप्त माहितीच्या देवाणघेवाणीचा करार संपवायचं जाहीर केलं. करार संपायला काही तास उरले असताना, २२ नोव्हेंबरला, तो निर्णय स्थगित झाला.

दोन्ही देश ज्यावर हक्क सांगतात त्या बेटाची कथा वेगळी, पण तिथंही न लिहिलेले शब्दच नडतात. कोरियन लोक त्याला डोकडो म्हणतात, जपानी ताकेशिमा. दोन मुख्य खडक आणि भोवती सुळके, एकूण सुमारे १९ हेक्टर. कोरियाच्या उल्लुंगदो बेटापासून सुमारे ८७ किलोमीटर, जपानच्या ओकी बेटांपासून सुमारे १५८. रशिया-जपान युद्ध चालू असताना, २२ फेब्रुवारी १९०५ रोजी, शिमाने प्रांतानं ते आपल्या हद्दीत घेतल्याचं जाहीर केलं. त्याच नोव्हेंबरात कोरियाचं परराष्ट्र खातं गेलं. म्हणून जपानसाठी जो हद्दीचा प्रश्न आहे, तो कोरियन माणसाला गिळंकृत झालेल्या देशाचा पहिला घास वाटतो. हा फरक लक्षात घेतला नाही तर एवढ्याशा खडकांसाठी एवढा आटापिटा का, हे कळत नाही.

१९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को करारात जपाननं कोरियावरचा हक्क सोडला आणि तीन बेटांची नावं लिहिली गेली, त्यांत हे नव्हतं. मसुद्यांत ते कधी कोरियाच्या बाजूला होतं, कधी जपानच्या. अंतिम प्रतीतून गायबच झालं. करार अमलात यायच्या तीन महिने आधी, १८ जानेवारी १९५२ ला, राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांनी समुद्रात रेषा ओढून बेट आत घेतलं. रेषा ओलांडणाऱ्या शेकडो जपानी मासेमारी बोटी पुढच्या वर्षांत पकडल्या गेल्या. जपाननं १९५४, १९६२ आणि २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाऊ म्हटलं. कोरियाचं उत्तर एकच: ताबा आमचा, वादच नाही, मग न्यायालय कशाला?

इथंच १९९८ चा मत्स्यव्यवसाय करार मोलाचा ठरतो. त्यानं बेटाभोवती मधला सामाईक पट्टा आखला आणि बेटाचं नाव घेतलंच नाही. मासेमारी चालू राहिली, दावे जागच्या जागी राहिले. या साऱ्या इतिहासात मौन उपयोगी पडल्याची अशी उदाहरणं थोडी आहेत.

‘कम्फर्ट विमेन’ या गोंडस नावाखाली जपानी लष्कराच्या वेश्यालयांत डांबलेल्या स्त्रियांच्या बाबतीत मात्र मौनानं घात केला. १९६५ च्या वाटाघाटींत हा विषय मांडलाच गेला नव्हता. १९९१ मध्ये त्यांच्यापैकीच एक, किम हाक-सुन यांनी उघडपणे साक्ष दिली, तेव्हा तो पुढं आला. १९९३ मध्ये जपानचे तेव्हाचे मुख्य कॅबिनेट सचिव योहेई कोनो यांच्या निवेदनात (‘कोनो निवेदन’) जपाननं लष्कराचा सहभाग मान्य केला. २८ डिसेंबर २०१५ ला दोन्ही सरकारांनी १०० कोटी येनवर ‘अंतिम आणि अपरिवर्तनीय’ तोडगा जाहीर केला. हयात स्त्रियांना आधी नीट विचारलं नव्हतं. कोरियाच्या पुढच्या सरकारनं त्या पैशांतून उभी राहिलेली संस्था बरखास्त करायचं ठरवलं, आणि टोकियोत करार न पाळणारा देश ही कोरियाची प्रतिमा पक्की झाली. तिथले मुत्सद्दी आजही नव्या तोडग्याआधी पहिला प्रश्न हाच विचारतात: पुढचं सरकार हे पाळेल का?

मार्च २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष युन सुक-योल यांनी मजुरांच्या भरपाईसाठी कोरियन संस्थेच्या निधीतून पैसे द्यायची वाट काढली. त्या निधीत पोहांगच्या त्याच पोलाद कंपनीनं ४०० कोटी वॉन घातले. जपाननं रसायनांवरचे निर्बंध उठवले. काही वादींनी मात्र हे पैसे घ्यायला नकार दिला, कारण त्यांना जपानी कंपनीकडूनच उत्तर हवं होतं.

पुढची तारीख समुद्रातच आहे. जेजू बेटाच्या दक्षिणेला सुमारे ८२,००० चौरस किलोमीटरचा तेल-वायूचा संयुक्त विकास पट्टा आहे. त्याचा करार १९७४ चा, अंमल २२ जून १९७८ पासून, मुदत ५० वर्षांची, म्हणजे २०२८ पर्यंत. तीन वर्षांची नोटीस देऊन तो संपवायची मुभा २२ जून २०२५ पासून खुली झाली. सागरी कायदा तेव्हा खंडमंचाच्या (किनाऱ्यालगत समुद्राखाली पसरलेल्या जमिनीच्या) लांबीला महत्त्व देत होता, आता किनाऱ्यापासूनचं अंतर मोजतो, आणि त्यामुळे बाजू जपानकडे झुकली आहे.