व्यवहाराची नोंद आणि अहवालाचे कोठार

कंपनीचा रोजचा कारभार ज्या सॉफ्टवेअरमध्ये चालतो, त्यातूनच अहवाल काढता येत असताना वेगळे डेटा वेअरहाऊस, म्हणजे अहवालांसाठीच माहिती साठवण्याचे कोठार, उभारण्याचा खर्च कशासाठी करायचा, हा प्रश्न अनेक ठिकाणी विचारला जातो आणि तो रास्तही आहे. या दोन व्यवस्था वेगळ्या का झाल्या याचा इतिहास पाहिला की त्याचे उत्तर मिळते, आणि कंपन्यांच्या कारभाराचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या जर्मनीतील सॅप या कंपनीच्या वाटचालीत तो इतिहास विशेष स्पष्ट दिसतो.

आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी १९७२ मध्ये सॅपची स्थापना केली. त्या काळी हिशेबाच्या नोंदी पंचकार्डांवर टिपून ठेवायच्या आणि त्यांचे गठ्ठे रात्री संगणकावर चालवायचे, अशी रीत होती. नोंद करताक्षणीच ती हिशेबात उतरली पाहिजे, हा सॅपच्या संस्थापकांचा आग्रह होता. त्यांच्या सॉफ्टवेअरच्या आर/२ आणि १९९२ मध्ये आलेल्या आर/३ या नावांतील ‘आर’ म्हणजे ‘रिअल टाइम’, अर्थात तत्क्षणी. अहवालांचे महत्त्वही त्यांनी पहिल्यापासून ओळखले होते. सॅपच्या आबाप या प्रोग्रामिंग भाषेच्या मूळ जर्मन नावाचा अर्थच मुळी ‘अहवाल तयार करणारा सर्वसाधारण प्रोसेसर’ असा होता.

अडचण आली ती साठवणुकीच्या रचनेतून. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल पद्धतीत, म्हणजे माहिती परस्परांशी जोडता येणाऱ्या टेबलांत ठेवण्याच्या पद्धतीत, एक माहिती शक्यतो एकाच जागी ठेवली जाते, त्यामुळे ग्राहकाचा पत्ता बदलला तर तो एकदाच बदलावा लागतो. नोंद करणाऱ्यासाठी ही रचना उत्तम आहे. परंतु ‘गेल्या तीन वर्षांत कोणत्या विभागात कोणता माल किती खपला’ असे विचारणाऱ्याला त्याच रचनेतील कितीतरी टेबले जोडून लाखो ओळी चाळाव्या लागतात. आर/३ मध्ये तर जमाखर्चाच्या प्रत्येक नोंदीच्या ओळी ज्या ‘बीएसईजी’ टेबलात दिसत, त्या प्रत्यक्षात एका क्लस्टरमध्ये, म्हणजे गाठोड्यात, बांधून ठेवलेल्या असत, आणि सॅपच्या बाहेरून साध्या एसक्यूएलने (टेबलांतील माहिती विचारण्याच्या प्रचलित भाषेने) त्या वाचताच येत नसत. त्यात महिनाअखेरीस हिशेबनीस आणि अहवाल मागणारे वरिष्ठ, दोघेही एकाच यंत्रावर येत. मोठा अहवाल सुरू झाला की बिले करणाऱ्यांचे पडदे रेंगाळत.

यावरचा विचार तोवर इतरत्र पुढे गेला होता. आयबीएमच्या युरोपातील कारभारासाठी काम करणाऱ्या बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांनी १९८८ मधील लेखात ‘बिझनेस डेटा वेअरहाऊस’ची रचना मांडली. या क्षेत्रातले लेखक बिल इनमन यांनी १९९२ मध्ये वेअरहाऊसची चार लक्षणे सांगितली: ते विषयांनुसार रचलेले, एकसंध, काळाची नोंद ठेवणारे आणि एकदा भरल्यावर न पुसले जाणारे असावे. याच क्षेत्रातल्या राल्फ किंबॉल यांनी तारकाकृती मांडणी रूढ केली, ज्यात मधोमध विक्रीसारख्या घटनांचे टेबल असते आणि भोवती ग्राहक, माल, ठिकाण व तारीख यांची.

माझ्या मते या सगळ्यांत ‘काळ’ हे लक्षण सर्वांत मोलाचे आहे, आणि आपल्याकडील एका उदाहरणाने ते चटकन कळते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. व्यवहाराच्या सॉफ्टवेअरमध्ये वसईच्या विक्रेत्यापुढील ‘ठाणे’ खोडून ‘पालघर’ लिहिले की त्या विक्रेत्याची २०१३ ची विक्रीही अहवालात पालघरची म्हणून दिसू लागते. तेव्हा छापलेला अहवाल आणि आज काढलेला अहवाल जुळत नाहीत. किंबॉल यांच्या पद्धतीत जुनी ओळ तशीच ठेवून, ती कोणत्या तारखेपर्यंत लागू होती हे लिहून, नवी ओळ जोडता येते. मग त्या वेळचा जिल्हा आणि आजचा जिल्हा, दोन्हींप्रमाणे बेरीज मागता येते. यंत्र कितीही वेगवान असले तरी खोडलेले अक्षर परत आणू शकत नाही.

सॅपने आपले वेअरहाऊस, बीडब्ल्यू, १९९८ मध्ये बाजारात आणले. आर/३ मधील टेबलांचा अर्थ जाणणारे तयार एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे तिथली माहिती उचलून वेअरहाऊसमध्ये नेणारे प्रोग्राम, त्यासोबत मिळत आणि मागील फेरीनंतर बदललेल्या नोंदीच तेवढ्या उचलण्याची सोय होती. रात्रीच्या गठ्ठ्यांपासून सुटका करणाऱ्या सॉफ्टवेअरचे अहवाल अशा रीतीने पुन्हा मुख्यतः रात्रीच्या भरणावर आले. ही त्या विभक्तपणाची खरी किंमत होती.

ती किंमत टाळता येईल, असे सॅपचेच एक संस्थापक हासो प्लाटनर यांनी २००९ मध्ये मांडले: सर्व डेटा डिस्कऐवजी संगणकाच्या वेगवान मेमरीत आणि ओळींऐवजी स्तंभांनुसार ठेवला, तर नोंद आणि विश्लेषण एकाच डेटाबेसवर चालतील. त्या विचारातून हाना हा डेटाबेस आणि २०१५ मध्ये एस/४हाना आले, आणि आजच्या थकबाकीसारखे अहवाल खरोखरच थेट मिळू लागले. तरीही २०१६ मध्ये सॅपने बीडब्ल्यू/४हाना हे नवे वेअरहाऊस काढलेच. विकत घेतलेल्या कंपनीचे निराळे सॉफ्टवेअर, बंद पडलेल्या जुन्या प्रणालीतील दहा वर्षांचे हिशेब आणि वसईच्या विक्रेत्याचा जुना जिल्हा, यांना एस/४हानाच्या टेबलांत जागा नव्हती.